कमाल भार : एक बाळ

मंगळवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण प्रकल्प मोठा आहे. १६ तारखेला हिची रजा संपते आणि माझी सुरू होते. कन्या चार महिन्यांची. बाटलीला तोंड लावत नाही. म्हणजे रोज दोनदा तिला हिच्या लॅबमध्ये दूध प्यायला न्यायचं आणि मधला वेळ बाहेरच काढायचा. वाटेत बस, शिवाय पादचारी पुलाच्या बेचाळीस पायऱ्या. बाबागाडी बाद. बाळ अंगावरच बांधावं लागणार.

दिवसभर वापरता येईल असा आरामदायी कॅरिअर निवडायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. चौदा वर्षं लिफ्ट तपासतोय. माणसं सुखरूप वर-खाली नेणं हाच माझा धंदा. घाबरण्याचा प्रश्नच नाही.

गुरुवार, ५ मार्च
ही म्हणाली, आधी तिला नुसतं उभ्यानं घेऊन तर बघ. मी म्हटलं, आधी उपकरण, मग भार. नियम आहे.

नोंद, फक्त माझ्यासाठी. कन्या अकरा दिवसांची असताना माझ्या हातात तिची मान मागे गेली. एवढीशी. तिला काहीही झालं नाही. कुणी पाहिलंही नाही. तेव्हापासून मी तिला पलंगावर बसूनच घेतो, दोन्ही बाजूंना उशा लावून. पाठदुखीमुळे.

शनिवार, ७ मार्च
दुकान. दोन बकलवाले आणि एक लांब कापडाचा, असे तीन आणले. दुकानातल्या बाईंनी विचारलं, बाळ कुठाय? घरी, म्हटलं. बाळ घालून बघितल्याशिवाय कसं कळणार, म्हणाल्या. विकणाऱ्यांना थिअरी माहीत नसते.

रविवार, ८ मार्च
पहिली चाचणी. आमच्याकडे लिफ्टला सव्वापट भार देऊन बघतात. कन्या सहा किलो, म्हणून साडेसात किलो पीठ. पिशवी कॅरिअरमध्ये घातली, कॅरिअर दारामागच्या हुकाला टांगला. अकराव्या मिनिटाला हुक भिंतीतून उपटला. पीठ घरभर.

कॅरिअर क्रमांक एक नापास. ही म्हणते, नापास हुक झाला. तिचं हे क्षेत्र नाही.

कन्या आयुष्यात पहिल्यांदा खदखदून हसली. मला घाम फुटला होता. पिठाच्या जागी कोण असतं, ते लिहिणार नाही.

बुधवार, ११ मार्च
कापडाचा प्रकार. साडेचार मीटर. व्हिडिओतली बाई चाळीस सेकंदांत बांधते. मला पन्नास मिनिटं लागली आणि शेवटी उजवा हात आतच राहिला. आई आली, तिनं सोडवलं. म्हणाली, तुला काखोटीला मारून मी एका हातानं सगळा स्वयंपाक करायचे. मी म्हटलं, तेव्हा सेफ्टीचे नियम नव्हते. मग तिनं हळूच विचारलं, भीती वाटते का रे? मी नाही म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन, कन्या दचकून उठली.

भीती वेगळी, काळजी वेगळी. काळजी असणं नॉर्मल आहे.

शनिवार, १४ मार्च
निवड झाली. क्रमांक तीन. रुंद कंबरपट्टा, वजन खांद्यावर न येता कंबरेवर येतं. बाळाचे गुडघे वर, चेहरा समोर दिसतो. बकल चार. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, दोन्ही हात मोकळे! मोकळ्या हातांनी करायच्या कामांची यादी केली : चहा, पेपर, फोन.

रंगीत तालीमही झाली. पिठाच्या नव्या पिशवीला टोपडं घालून जिने उतरलो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी टोपड्याची कड जरा उचलून पाहिली. चष्मा नव्हता. म्हणाल्या, अगदी बापावर गेलंय.

सोमवार, १६ मार्च, सकाळी ८.०५
हिनं बाळ घालून दिलं आणि कामाला गेली. बकल चारही लागलेत. मी पाचवं शोधतोय. कन्या माझ्याकडे बघतेय. डावा हात तिच्या खाली धरलाय. तात्पुरता. निघताना काढेन.

मंगळवार, १७ मार्च
आज हिनं रजा टाकलीय. मी सांगतोय आणि ही लिहितेय. माझे हात खांद्यापर्यंतही जात नाहीत, पेन धरवत नाही.

कालचा दिवस यशस्वी. कॅरिअर उत्तम.

ही म्हणते, खरं सांगणार असशील तर लिहिते.

बरं. काल दिवसभर दोन्ही हात तिच्या खाली धरले होते. पुलावर, बसमध्ये, बागेत. कंडक्टर ओरडला, दांडा धरा. कुठल्या हातानं धरणार? एका आजींनी जागा दिली, पण बसलो नाही. वाकलो असतो तर? लॅबमध्ये दोन्ही वेळा हिनंच बकल उघडले, लावले. चारला घरी पोचलो. मागचं बकल सोडायला हात काढावे लागतात. म्हणून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, ही सहाला येईपर्यंत. चहा नाही, पेपर नाही. कन्या शांत झोपली होती.

ही आली. म्हणाली, मी धरलंय तिला, सोड आता. माझी बोटं उघडेनात. तिनं एकेक करून उघडली.

इथं ती लिहायची थांबली. मागची पानं चाळायला लागली. अडवणार कसा? पाच तारखेवर आली आणि ती नोंद दोनदा वाचली. मग म्हणाली, नवव्या दिवशी माझ्याही हातून गेली होती मान. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कुठं लिहिलंही नव्हतं.

उद्या, बुधवारी पुन्हा जायचंय. मला फार भीती वाटते.

हे शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नाही, हिनं परस्पर घातलंय. खोडणार होतो, पण हात उचलवत नाही.