हुकुमाचं राहिलेलं अर्धं वाक्य

तीर्थस्वरूप मेल्चोरमामांस,
आपल्या दोन्ही हातांचं चुंबन घेऊन भाचा फाद्रिके याचा दंडवत.

आपला गुडघा कसा आहे? (पत्र जहाजाने माद्रिदला पोहोचेपर्यंत तो बरा होऊन पुन्हा बिघडला असेल, तेव्हा पुढच्या दुखण्याचीही चौकशी यातच समजावी.) मी मेक्सिकोच्या या डोंगरात सुखरूप आहे, म्हणजे जेवतो आणि झोपतो. बाकी सगळा विचका झाला आहे आणि तो मीच केला आहे.

महाराजांचा नवा हुकूम आला: अधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातल्या बाईशी लग्न करू नये, केल्यास पद गेलं. आता लेओकादियाबद्दल मी तुम्हाला लिहिलंच आहे (ते पत्र बहुधा अजून समुद्रात असेल). चौकात तिचं चॉकलेटचं दुकान आहे. ती रवी फिरवू लागली की फेसाबरोबर माझंही मन तरंगायला लागतं. तरी मी घाबरलो नव्हतो. गैरसोयीचे हुकूम इथे कसे घेतात ते तुम्ही जाणताच: चौकात उभं राहायचं, कागदाचं चुंबन घ्यायचं, तो डोक्यावर धरायचा आणि म्हणायचं, ‘आज्ञा शिरसावंद्य, पण अंमल होणार नाही.’ राजाचा मान राहतो, गावाचंही चालू राहतं. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने या एका वाक्यावर अख्खी कारकीर्द काढली.

त्या सकाळी ढग चौकात उतरले होते. कागद डोक्यावर धरून मी ‘आज्ञा शिरसावंद्य’ म्हणालो, आणि समोर धुक्यात लेओकादिया दिसली. वाटलं, हा चौक जमिनीपासून सुटून हळूहळू कुठेतरी वाहत चाललाय. भाजलेल्या कोकोचा वास येत होता. सेव्हिलला आईच्या अंगणातलं लिंबाचं झाड आठवून पाहिलं. त्याचा वास आठवेना आणि त्याचं वाईटही वाटेना. किती वेळ गेला देव जाणे. भानावर आलो तेव्हा आमचा कारकून आन्सेल्मो शाई वाळवत होता. त्याने ऐकलं तेवढंच लिहून शिक्का मारला होता.

“अहो, पुढचं राहिलं!” मी ओरडलो.

“साहेब, शिक्क्यानंतर राजासुद्धा बोलत नाही.”

अशा रीतीने या अफाट साम्राज्यात हुकूम खरोखर पाळणारा बहुधा मी एकटाच निघालो. गावचे पंच हळहळून गेले (एकाने तर माझी नाडीही पाहिली). लेओकादिया एवढंच म्हणाली, “करा आता राजाशी संसार!” तेव्हापासून माझ्या पेल्यात फेस नाही. मला फार एकटं वाटतं, मामा.

आपला आज्ञाधारक (दुर्दैवाने),
फाद्रिके

ता.क. — आपण दरबारात आहात. हाच हुकूम पुन्हा एकदा पाठवता येईल का? या खेपेस मी तो नीट मोडीन.

पुन्हा ता.क. — पाकीट बंद करण्याआधी पत्र लेओकादियाला वाचून दाखवलं. “उत्तर यायला दोन वर्षं लागणार. तोवर मी काय रवीशी बोलत बसू?” म्हणाली आणि तडक आन्सेल्मोकडे गेली. “आज्ञा यांनी पाळली ना? आता अंमल जिच्यावर व्हायचा ती मी. लिहा, होणार नाही.” त्याने लिहिलं आणि वर शिक्काही मारला. (चॉकलेट त्यालाही लागतं.) रविवारी लग्न आहे. हुकूम तरी पाठवाच, आहेर म्हणून. फक्त कागद जरा मोठा घ्या, दोघांच्या डोक्यांवर पुरायला हवा.