होडीत दोघी

चि. सौ. स्वप्ना हिस (माझ्याहून चार महिन्यांनी धाकटी, म्हणून चिरंजीवच),

डोंबिवलीहून हेमांगीचे आशीर्वाद आणि थोडासा राग. तुझा गुडघा काय म्हणतो? ऋजुताच्या बाळाला दात आले का? टेंभी नाक्यावरच्या समस्त मंडळींची चौकशी झाली असं समज आणि आता माझं ऐक. (फोनवरच सांगितलं असतं, पण मध्येच बाळ रडतं आणि तू "थांब हं" म्हणून जातेस ती जातेसच.)

ऐनवेळी ऋजुता माहेरी आली आणि तुझं क्रूझवर येणं रद्द झालं, याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही. मी एकटी गेले. जहाज छान होतं. फक्त जेवायला गेलं की दारातला माणूस "किती जण?" विचारायचा आणि मी "एक" म्हटल्यावर माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून बघायचा. केबिन आवरणारे गृहस्थ रोज संध्याकाळी दोन्ही पलंगांवर टॉवेलचा एकेक हंस करून ठेवायचे. तुझा हंस मी हलवला नाही. (मी झोपायचे तेव्हा तो माझ्याकडेच बघत असायचा. तुझ्यासारखाच, काही न बोलता उपदेश केल्यासारखा.)

तर कोची. जहाज तिथे दिवसभर थांबणार होतं. जहाजवाल्यांची सहल म्हणजे झेंड्यामागून चालणारी चाळीस माणसं, सगळी जोडप्याने. म्हटलं, आपण आपली वेगळी होडी ठरवावी, खाडीतली बेटं बघावीत. मोबाइलवर बुकिंग करायला बसले, तर ते 'कमीत कमी दोन प्रवासी' याच्या पुढेच सरकेना. शेवटी दुसरीच्या रकान्यात तुझं नाव टाकलं. वाटलं, होडीवाल्याला काय पडलंय!

त्याला फार पडलं होतं. पौलोस नावाचा साठीचा माणूस, तरुणपणी आपल्या शहाडला हॉटेलात नोकरीला होता, त्यामुळे मराठी बोलत होता (मुख्यत्वे "लवकर बोला" आणि "चहा संपला"). मी डोंबिवलीची म्हटल्यावर त्याला कोण आनंद! पण होडी काही सोडेना. दुसरं लाइफ जॅकेट हातात धरून विचारतो, "दुसऱ्या ताई कुठंय?" येणार नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं की तिच्या पोटात ढवळतंय, जहाजावर झोपली आहे.

स्वप्ना, पाणी इतकं सुंदर होतं! दोन्ही काठांवर माड, मासे पकडायची भलीमोठी जाळी, एक बगळा तर आमच्याच बरोबर निघाल्यासारखा पुढे पुढे बसत होता. मी दोनदा "अगं बघ" म्हणाले. दुसऱ्यांदा पौलोसने ऐकलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने होडी वळवली ती थेट स्वतःच्या घरी. आजारी ताईंसाठी त्याची बायको लिसी सुंठ-मिऱ्यांचा काढा करणार! लिसीला मराठी येत नाही, मला मल्याळम, मध्ये पौलोस. चुलीवर काढा उकळत होता आणि ती तुझ्याबद्दल विचारत होती. मी सांगत सुटले. शाळेत तू माझ्या वेणीला रिबन कशी बांधायचीस, आई गेली तेव्हा आठवडाभर कशी येऊन राहिलीस. चार दिवसांत माझं सगळं बोलणं "एक" आणि "थँक यू" एवढंच झालं होतं, त्यामुळे मला थांबताच येईना. मग जहाजाचा भोंगा ऐकू आला.

परतताना होडीच्या पंख्यात जलपर्णी अडकली. पौलोस पाण्यात हात घालून ती उपटतोय, मी काढ्याचा थर्मास छातीशी धरून उभी, आणि जहाजाच्या कर्ण्यावरून माझ्या नावाचा पुकारा, "मिस हिमांगिनी". पोचले, तर शिडीवरचा पहारेकरी म्हणे बाहेरचं पेय आत नेता येणार नाही. लिसीचा काढा ओतून द्यायचा? मी तिथेच उभ्या उभ्या सगळा प्यायले. मिऱ्यांनी डोळ्यांतून घळाघळा पाणी. वरच्या कठड्यावरून लोक टाळ्या वाजवत होते. "एकट्याच आहात का, मॅडम?" पहारेकरी म्हणाला. मी हो म्हटलं. (मिऱ्यांमुळे ते नीट ऐकू आलं नसावं, कारण त्याने पुन्हा विचारलं.)

त्या रात्री नाशिकच्या एका जोडप्याने मला आपल्या टेबलावर बोलावलं. पुकारा झालेल्या त्या तुम्हीच ना, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना दोघांचंच टेबल मिळालं.

बाकी मजेत.

तुझी,
हेमांगी

ता. क. थर्मास परत पाठवायचा म्हणून पौलोसचा नंबर घेतला होता. आता दर रविवारी लिसीचा फोन येतो, तुझं पोट कसं आहे विचारायला. मी कळवलं आहे की बरं आहे, पण अशक्तपणा आहे.

आणखी एक. या रविवारी ती व्हिडिओवर तुला बघणार म्हणते. शनिवारीच ये, राहायला ये. बाळालाही आण, रडू दे हवं तेवढं. गादी उन्हात घातली आहे.

आणि नाहीच जमलं तर राहू दे. मी सांगेन, आत झोपली आहे.