एक्केचाळिसावा ग्वाओ

३ मार्च
नाकाहुका गावाजवळच्या तळ्यावर पोचले. खोली पाण्याकाठी, पत्र्याचं छप्पर, टेबल माझं एकटीचं. पहिलीच नोकरी, खूश आहे. ईस्टरआधी तळ्यातल्या प्रत्येक ग्वाओला, म्हणजे इथल्या मोठ्या कासवाला, क्रमांक द्यायचा, नाहीतर तळ्याचा परवाना जाईल. राखणदार डॉन सिरिलो माझी पेटी उचलून म्हणाले, इंजिनीअरबाई, कासवं पुस्तकं खात नाहीत. त्यांच्या बायकोने, डोन्या फिदेन्सियाने, त्यांना गप्प केलं आणि मला मक्याचं गार पोसोल प्यायला दिलं.

६ मार्च
ग्वाओच्या पाठीवर तीन उंच कंगोरे. सर्वांत मोठा अडतीस सेंटिमीटर. पोहण्यापेक्षा तळाच्या चिखलात चालतो. गोगलगायी, लहान कासवंसुद्धा कवचासकट फोडतो. घाबरला की उग्र वास सोडतो. क्रमांक म्हणजे कवचाच्या कडेला कानशीने पाडलेल्या खाचा: उजवीकडे एकक, डावीकडे दशक.
डॉन सिरिलो अनवाणी उतरून तळव्यांनी चिखल चाचपतात. कवच लागलं की थांबतात, मग हात घालतात. बोटं दहाच्या दहा शाबूत. डोन्या फिदेन्सिया म्हणतात, लग्नात मोजून घेतली होती, अजून रोज संध्याकाळी मोजते.

१४ मार्च
चाळीस झाले. डॉन सिरिलो पाय पुसू लागले. आणखी एक पायाला लागला, म्हणाले, पण तो तळ्याचा. त्याला मोजायचं नसतं, त्यांच्या आजोबांनीही मोजला नव्हता. मी म्हटलं, अहवालात तसा रकाना नाही. ते हसले नाहीत.
मीच उतरले. खोलात, बुडालेल्या खुंटापाशी सापडला. उजवी पहिली, डावी चौथी अशा खाचा पाडल्या: एक्केचाळीस. तो चावला नाही. मान काढून माझे हात बघत राहिला. डॉन सिरिलोंनी डोक्यावरची टोपी काढली.

१७ मार्च
रोज संध्याकाळी सहाला सगळे ग्वाओ एकदम वास सोडतात. तीन दिवस झाले. काठावर दोन मोठी कवचं, फोडलेली, रिकामी. एवढं कवच फोडणारं या पाण्यात काही नाही. डॉन सिरिलो आता उतरत नाहीत. घरी जा पोरी, म्हणाले. मी म्हटलं, अहवाल शनिवारी.

१९ मार्च
सकाळी नखांना खाचा. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट. डाव्याची अनामिका, चौथं. त्रिकोणी, स्वच्छ. मी पाडते तशाच. कानस पेटीत, पेटीला कुलूप. उशीवर चिखल.

२० मार्च
दुपारच्या होडीने जाते आहे. अहवाल राहू दे. डोन्या फिदेन्सियाने माझे हात हातात घेऊन बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली.

वास. खोलीतच. पलंगाखाली पाहिलं, पेटीत पाहिलं, ग्वाओ नाही. माझ्या मनगटांना येतोय — घाबरले की सोडतात —

छपराचा पत्रा वाजला. खिडकीतून डॉन सिरिलो दिसतात, होडीचा दोर सोडतायत. म्हणजे छपरावर ते नाहीत. कुणीतरी तळव्यांनी चाचपतंय. एक पाऊल. थांबणं. दुसरं. चिखलात चालतात तसं —

माझ्या डोक्यावर आलं. थांबलं. पत्रा वाकतोय. हात आत ये—