टॅकेटांची बरणी

१९ मे
पोहोचले एकदाची! बाबांची सख्खी बहीण मिझूरीच्या या डोंगरांत अजून हयात आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. ऑर्फा आत्या दारातच उभी होती. आधी जेव, रडायचं ते मग रड, असं म्हणाली. मला आवडलीच ती. बाबांच्या राखेचा डबा तिने माझ्या हातून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवला. आधी कॅरोलायना, मग टेनेसी पालथं घातलं. आम्हा टॅकेटांच्या जमिनी सापडल्या, जोत्यांचे दगड सापडले, कबर मात्र एकही नाही. इथे तरी आपल्या माणसांशेजारी बाबांना जागा मिळावी, एवढंच मागणं आहे.

२१ मे
आत्या रोज पाव भाजते. पाव फुगवायच्या खमिराची बरणी पणजीने कॅरोलायनाहून खेचरगाडीत मांडीवर घेऊन आणलेली. झाकण उघडलं आणि नाक दाबलं. करडा, बुडबुडणारा लगदा, वास ओल्या कुत्र्याचा. आत्या त्यात मनगटापर्यंत हात घालते, काळ्या नखांसकट, आणि वर बोटं चाटते. शी! पाव मात्र असा, की मी चार तुकडे हाणले.

२४ मे
आज पाव दातांखाली कचकचला. जात्यावरचं पीठ आहे बाई, शहरातल्या दातांना नाही सोसायचं, असा टोमणा मिळाला. पाहुणीने नाकं मुरडू नयेत म्हणून मुकाट गिळला.

३० मे
आज थडगी सजवायचा दिवस. अख्खा गाव फुलं, फावडी आणि तळलेली कोंबडी घेऊन टेकडीवर. आपापल्या माणसांवरचं गवत उपटायचं आणि तिथेच जेवायला बसायचं. आत्याच्या पावाला कोणी शिवलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या होबार्टला विचारलं, आमची माणसं कुठे पुरलीत? तो खाली बघत म्हणाला, तुम्ही टॅकेट माणसं पुरता कुठे? गाव सोडलं की पुरलेलं माणूस मागे राहतं, ते टॅकेटांना खपत नाही. मेलेल्याचा पहिला घास बरणीला, उरलेलं नदीला.
धावत घरी आले. डबा उघडला. तळाला बोटभर राख.
ओकले. अंगणात, मग मोरीत. जीभ साबणाने घासली. कचकच जात नाही.

३१ मे
तिला लाजही नाही! म्हणते, माझा भाऊ वर्जिल घरी आला, त्यात काय बिघडलं? त्याला मातीत एकटा टाकून तू शहरात पळाली असतीस. आता आई आहे, आजी आहे सोबतीला. असा संताप आला, की बरणी ओतायलाच उचलली. पण ओतू कुठे? डुकरांपुढे? बाबांना—
परत ठेवली.

२ जून
आत्या गेली. सकाळीच, खुर्चीत बसल्या बसल्या. काल बजावून ठेवलं होतं, पोरी, मला मागे ठेवू नकोस.
बरणी फसफसत नाही. कडेने काळं पाणी सुटलंय. उपाशी आहे. मेली तर बाबा पुन्हा—

दुपार
पीठ घातलं. घेत नाही. दूध घातलं. नाही. तिला पीठ नकोच आहे—
होबार्टला बोलावू? काय सांगू त्याला?
किळस येते. माझीच मला किळस येते. आणि तोंडाला पाणी सुटलंय, देवा, पाणी—

आत्याचे हात धुतले. मऊ आहेत. सगळं नको. करंगळी पुरे. सुरीला धार