ओट्यावर वाचलेली बातमी

आबा, आज सकाळी पेपरात पुन्हा तशीच बातमी आली. मुलगी कुठं गेली होती, अंगावर काय होतं, सोबत कोण होतं, सगळं छापलंय. करणाऱ्याविषयी दीड ओळ. रंगीत फोटो आले, पण वाक्यं तीच राहिली. चष्मा काढून ठेवला आणि तुम्हाला लिहायला बसले. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत जो तो आपल्या दाराआड पेपर वाचतो. तुम्हाला इथं करमलं नसतं.

दापोडीच्या आपल्या गल्लीत पेपर एकच यायचा. पहिली पाळी करून आलात की हातापायाची काजळी धुवायची, ओट्यावर बसायचं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा तुमचा नेम. आधी मनात वाचून बघणं तुम्हाला मंजूर नव्हतं. ‘बातमी उष्टी होते,’ म्हणायचात. त्याच हट्टानं त्या संध्याकाळी घात केला. आपण दोघं पोलीस ठाण्यात जाऊन आलो होतो, गल्लीला अजून पत्ता नव्हता. मी आत कणीक मळतेय, बाहेर तुमचा आवाज चढतोय, ‘कामावरून एकटीच परतणाऱ्या तरुणीची अब्रू लुटली.’ आणि आवाज थांबतो. पुढं काय होतं ते मी नंतर वाचलं: दापोडीची, चिंचवडच्या कारखान्यात पॅकिंगला, अविवाहित, हसतमुख स्वभावाची. नाव तेवढं नव्हतं, बाकी घरापर्यंत आणून सोडलं होतं. करणाऱ्याचं खातं, त्याचा हुद्दा मी पोलिसांना सांगितला होता. पेपरात तो नुसता ‘एक इसम’ झाला. अब्रू मात्र माझी गेली.

तुम्ही घसा खाकरलात आणि वाचू लागलात, ‘एका मुकादमानं कामावरनं घरी निघालेल्या बाईवर जबरदस्ती केली. बाईचा काडीचा दोष न्हाई. तिनं सोता जाऊन तक्रार दिली.’ शेजारच्या काकींनी विचारलं, ‘आसं लिवलंय व्हय? का तुमी मनाचं लावताय?’ तुम्ही म्हणालात, ‘लिवलंय तसंच वाचतोय.’ जन्मात खोटं न बोललेला माणूस, मान वर न करता खोटं वाचत होता. कणकेत हात तसेच ठेवून मी रडले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी खरी बातमी वाचली असणार. ओट्यावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही मात्र पहिल्या पानापासून बाजारभावापर्यंत पूर्वीसारखंच खणखणीत वाचायचात, आणि ऐकायला आत मी एकटी. जेवताना आपण कांद्याविषयी बोलायचो, पाण्याच्या नळाविषयी बोलायचो. त्या गोष्टीविषयी शेवटपर्यंत नाही.

मला तुमचा अभिमान वाटला, आबा, आणि रागही आला. पेपरानं माझं नाव गाळलं ते समजू शकते. पण तुम्हीही नुसतं ‘बाई’च म्हणालात. काकींनी विचारलं तेव्हा मी आत कान देऊन होते. वाटलं, आता म्हणाल, ‘ती माझी लेक हाय.’

आज रिकाम्या घरात मी ही बातमी मोठ्यानं वाचली, तुमच्यासारखीच बदलून. हा कागद घडी करून त्याच पेपरात ठेवतेय, दोन्ही रद्दीत जातील. एवढंच सांगायचं राहिलं: शेवटी मी तुम्ही न म्हटलेलं ते वाक्यही वाचलं, तुमच्या आवाजात वाचायला गेले, आणि तुमचा आवाजच आठवेना.