पाटाखालचं तिकीट

अमरावती
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५, दुपार

चि. सहदेव यास,

दादाचे आशीर्वाद. शकुननं पाठवलेला अनारशांचा डबा पोचला, तिला सांगणे. माझे गुडघे सोडले तर घरात सगळ्यांची प्रकृती ठणठणीत आहे. झेंडू यंदा बरा आला.

सकाळपासून कानात एक जुना आवाज घुमतो आहे. अंजनगावच्या शाळेत चारही इयत्ता एकाच खोलीत बसायच्या, आठवतं? गुरुजी टेबलावर खडूचा डबा आपटून ताल धरायचे. साठ पोरं एका सुरात कविता म्हणायची, आणि ओळ संपली की मागून एकच शब्द एकटा यायचा. तो तुझा. तू कायम एका शब्दानं मागे. गुरुजी ओरडायचे, "सहद्या, तुहीच गाडी रोज लेट कावून बे?" सगळी शाळा हसायची. मला मात्र तो मागून येणारा शब्द गोड वाटायचा. वाटायचं, ओळ एकदा संपून तिचं मन भरलं नाही, म्हणून ती पुन्हा संपली.

तो पोरगा मला आवडायचा. मागच्या रविवारी माझ्या बैठकीत पाय पसरून बसलेला माणूस कोण होता, कोण जाणे.

फोन केला असता तर तू बोलला असतास आणि मी ऐकलं असतं. पत्र वाचताना तरी तुला गप्प बसावं लागेल.

त्या दिवशीचं तुमचं भांडण मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पाहिलं. म्हाताऱ्याला ती एक सोय असते, त्याला कोणी उठवत नाही आणि विचारतही नाही. पंचवीस लाखांचं लॉटरीचं तिकीट. नंबर खरा, बक्षीस खरं, मनोजच्या खुशीनं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काढलेल्या फोटोत तिकीट लक्ष्मीच्या पावलांशी ठेवलेलं स्पष्ट दिसतं. फक्त तिकीट तेवढं कोणापाशी नाही, आणि ते दाखवल्याशिवाय सरकार दमडी देत नाही. तरी तुम्ही काका-पुतणे ते कोणाचं यावर तीन तास भांडलात.

"नोट माही होती. माह्या खिशातून निघाली. शकुन पायत होती," तू म्हणालास.

"नोट तुमचीच जी, काका. पन राजकमल चौकात उन्हात उभा कोन होता? निवड माही हाये," आमचे चिरंजीव मनोजराव म्हणाले.

"निवड! गठ्ठ्यातलं वरचं तिकीट उचललं, अन् म्हने निवड!"

"मंग तुमीच यायचं होतं ना चौकात, उचलाले."

काय ती भाषा, काय तो आवेश! शकुननं तोवर अकोल्याच्या घरावर तिसरा मजला चढवला होता. मनोजनं गाडीचा रंग ठरवला होता. नसलेल्या तिकिटाचे तुम्ही निम्मे-निम्मे पाडलेत, मग मोडलेत, मग साठ-चाळीस केलेत. खुशीसुद्धा बाहुल्यांचं लग्न लावताना इतकी गंभीर होत नाही.

दिवसभरात तुमचं एकाच गोष्टीवर एकमत झालं. चोर इंदूबाई.

बाई एकोणीस वर्षं आपल्या दुकानात गजरे ओवते. हिवरखेडहून नवऱ्यामागे आली, नवरा गेला, ती राहिली. अंबादेवीच्या रस्त्यावर तिच्याइतकी घट्ट गाठ कोणाची नाही, असं गिऱ्हाईकं म्हणतात. पाडव्याला सकाळी ती घरी आली, रांगोळी पुसली, पाट धुतला. एवढा तिचा गुन्हा. तुम्ही तिला अंगणात उभं केलंत.

"म्या पाट उचलला तवा खाली काईच नोतं जी. तांदूळ होते थोडेसे."

"तांदूळ दिसले, अन् तिकीट नाई दिसलं?" तू म्हणालास आणि स्वतःच्याच हुशारीवर हसलास.

तिनं तुझ्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमीच सांगा ना यायले."

मी चष्मा पुसत होतो.

बराच वेळ पुसत होतो. काच स्वच्छ होती.

मनोजनं दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. उद्या सोमवारी अकराला तिला बोलावलं आहे. ओळीतल्या बाकीच्या हारवाल्यांनीही तिला बसू देणं बंद केलं. हे तुला कळवतो आहे, कारण तू तर टॅक्सीनं निघून गेलास. अकोल्याच्या बंगल्यात नावाच्या पितळी पाटीखाली बसलं की अमरावतीची एक बाई काय खाते, हे दिसत नाही.

आता गंमत बघ. एवढी चौकशी झाली, कपाटं उपसली, गाद्या झटकल्या, पण पाटावरची फुलं कोणी उतरवली हे तुम्हा दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मला चोर ठरवायलाही मी तुम्हाला कामाचा वाटलो नाही.

वडिलांचा नियम तू विसरला असशील. तू मळ्यातून लवकर सुटलास. देवावरची फुलं घरच्या थोरल्यानं उतरवायची आणि फुलं विकणाऱ्यानं त्यांच्याकडे पाहायचं नाही. मान फिरवायची, दोन्ही हातांनी सगळं एकदम फडक्यात गोळा करायचं, गाठ मारायची. वडील सांगायचे, "पायलं की त्यातलं ताजं फूल दिसते. दिसलं की इकावं वाटते. अन् एकडाव देवाचं फूल इकलं, की मानूस मंग काईबी इकते." म्हणून गाठोडं थेट मळ्यातल्या खड्ड्यात सोडायचं आणि वर लगेच शेणाचं पाणी ओतायचं, म्हणजे उचलायचा मोहच नको. सत्तर वर्षं आपल्या घरात कोणी निर्माल्य उलगडलेलं नाही.

पाडव्याला मी मान फिरवून फुलं गोळा केली. ओली झेंडूची फुलं, शेवंती, दुर्वा. बोटांना कागद लागला.

कागदच होता, सहदेव. फुलं हाताळण्यात माझा जन्म गेला. पाकळी आणि कागद मला झोपेतही वेगळे कळतात.

आता तू म्हणशील, दादानं वडिलांचा नियम पाळला, मोठा श्रावणबाळ. मीही स्वतःला आठवडाभर तेच ऐकवलं. मान वळवायची नसते, फडकं उलगडायचं नसतं, माझा काय दोष? चौथीतल्या पोरासारखं पाठ करून ठेवलं होतं.

पण आदल्या संध्याकाळचं आठव. आरती झाल्यावर मी खुशीला नदीची कविता म्हणून दाखवत होतो, हातवारे करून, गुरुजी शिकवायचे तशी. पोरगी ऐकत होती. आणि तू सोफ्यावरून म्हणालास, "दादाच्या कविता म्हंजे कालचे हार. कोनी घेत नाई, अन् दादाच्यानं फेकवत नाई." सगळे हसले. मनोज हसला, सूनबाई रूपाली पदराआड हसली, आणि मग खुशीही हसली, कारण मोठी माणसं हसत होती.

कागद बोटांना लागला तेव्हा तुझा तो आवाज माझ्या कानात होता. मनात म्हटलं, जा, कुज. ह्यांची लक्ष्मी कुजू दे. मला काय ठाऊक त्यावर नंबर लागणार आहे! शंभरात नव्याण्णव वेळा ते कुजलं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता, माझ्या मनातला तो एक क्षण माझ्यापाशीच राहिला असता. मी फडक्याला गाठ मारली. शेणाचं पाणी नेहमीपेक्षा एक बादली जास्त ओतलं.

दहा दिवसांनी नंबर आला. मनोज नाचतच आत आला, "बाबा, तिकीट कुठी हाये?" आणि मी म्हणालो, "पूजेनंतर पाटाखाली सरकवलं होतं."

असं कसं तोंडातून आलं, विचारू नकोस. तेवढ्या एका वाक्यावर तुम्ही सगळी कोर्टकचेरी उभारलीत. पाट कोणी धुतला? इंदूबाईनं. संपलं. मी तिचं नावसुद्धा घेतलं नाही, बघ किती सभ्य माणूस!

मनोज दुकानात गेल्यावर भर दुपारी मी फावडं घेऊन खड्डा उकरला. गुडघ्यांचं हेच कारण आहे, वय नव्हे. काळा चिखल, हारांचे दोरे, झेंडूचे देठ. कागदाचा चिटोराही नाही. तेव्हा तुमच्या भांडणाचा निकाल मी देतो. नोट तुझी, ऊन मनोजचं, आणि तिकीट पुढच्या वर्षीच्या झेंडूचं. लढा आता खुशाल.

तुमचा तिरस्कार करणं मला फार सोपं गेलं, हेही लिहून टाकतो. तुम्ही दोघं इतके हावरट, इतके ओंगळ दिसत होतात की त्या खुर्चीत बसून मी स्वतःला वेगळाच कोणी समजत होतो. आयुष्यभर ज्यानं शाळेच्या पुस्तकातल्या ओळी जपल्या तो. खरेपणाच्या, माणुसकीच्या, सगळ्या तोंडपाठ. आणि एक गरीब बाई अंगणात उभी राहून विचारते तेव्हा त्यातली एक ओळ तोंडातून बाहेर येईल तर शपथ. तुम्ही तिला चोर म्हणालात कारण तुम्हाला खरं ठाऊक नव्हतं. मला होतं.

हे मी मनोजला अजून सांगितलेलं नाही. तुला लिहितो, कारण तू शंभर किलोमीटरवर आहेस आणि मला तुझं तोंड पाहावं लागणार नाही. "उद्या मी ठाण्यात जाऊन सांगणार आहे" असं वरच्या कागदावर चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. ते खोडलेलं तुला दिसेलच. कागद बदलला नाही, मुद्दाम. ठाण्यात मी सांगितलं तर मनोज माझ्याशी बोलेल का, रूपाली भाकरी वाढेल का, असल्या क्षुद्र शंका शहात्तराव्या वर्षी येतात. त्यांचीही लाज वाटते, पण येतात.

फाटक वाजलं. थांब.

इंदूबाई आहे. या घराची पायरी पुन्हा चढणार नाही म्हणून गेली होती ती. ओसरीवर चप्पल काढून उभी आहे, आत यायला तयार नाही. मनोज घरी नाही हे आधी विचारून घेतलं, मग बोलली. जसं बोलली तसंच लिहितो:

"भाऊ, उद्या ठान्यात माह्याकडून बोलनारं कोनीच नाई. तुमी चालसान काय? म्या सायबाले सांगून आली, शेषरावभाऊ कदी खोटं बोलत नाई, त्यायले इचारा."

मी तिला बस म्हटलं. ती पायरीवर बसली आहे, पाठमोरी. पेन खाली ठेवलं की मला उठून तिच्यासमोर जावं लागेल, म्हणून हे दोन शब्द जास्त लिहितो आहे.

पाचव्यांदा लिहितो, आणि हे खोडणार नाही.

उद्या अकरा वाजता इंदूबाईबरोबर ठाण्यात असलेला,
तुझा दादा
शेषराव