काळी दोनचा गांधार

१९ मार्च
आज पुन्हा तेच! लेक वैष्णवी गात होती, दिराचा राजदीप कीबोर्डवर, आणि मी यांची पेटी धरली. गांधारावर दोन्ही वाद्यं थरथरली. राजदीप थांबला. "काकू, पेटी उतरली तुमची!"
उतरली नाही. यांनी आतल्या पितळी पत्त्या कानशीनं घासून ती माझ्या आवाजाला मिळवली — काळी दोनच्या पट्टीला. बावीस वर्षं मी त्यावर गायले. यांना जाऊन सात महिने झाले, पेटी तशीच आहे.

२२ मार्च
वाचनालयातून सुरांवरचं पुस्तक आणलं. दोनदा वाचलं तेव्हा समजलं. कीबोर्डात सप्तकाचे बारा सारखे भाग. कुठल्याही पट्टीतून गा, चालतं. पण गांधार जरा चढा राहतो. यांचा गांधार षड्जात विरघळायचा. एकामागून एक सूर आले तर एवढा फरक कान सोडून देतो. राजदीप तीन-तीन सूर एकदम दाबतो, तिथं लपत नाही.
म्हणजे चूक कुणाचीच नाही. मग भांडू कुणाशी?

२३ मार्च
"पुसदचे फुलसिंगभाऊ सूर लावून देते," राजदीप म्हणाला. "चौदा एप्रिलच्या आत मिळन."
मी नाही म्हटलं.
वैष्णवी म्हणाली, "आई, काळी दोन तुही पट्टी हाय. माहा आवाज वर हाय. माह्या पट्टीत पेटी बेसूर लागते. मंग जयंतीले बाबाची पेटी घरीच ठेवू काय?"
पुस्तक उघडून बसले. याचं उत्तर त्यात नव्हतं.

२९ मार्च
एकदा घासलं की तो सूर गेला. पुन्हा तसा लावणारा हात नाही.

२ एप्रिल
दिली! जयंतीला यांची पेटी घरी राहायला नको. राजदीपनं चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतली. "काकू, रडू नका ना." मी रडत नव्हते.

५ एप्रिल
फुलसिंगभाऊंचा फोन. "बाई, काम अर्धंच निघालं. वरचं सप्तक कोनं तरी आधीच कीबोर्डाशी मिळवेल हाय. हात लय सफाईचा. खालचं तेवढं राह्यलं होतं."
वरच्या सप्तकात मी कधी गेलेच नाही. वैष्णवी जाते.
शेवटच्या महिन्यात हे रोज पेटी उघडून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे — धूळ झाडतो.